वाढलेला भाव कुणाचा? वणीतली जागा, घर आणि आपण

 

मागच्या व्याख्यानात मी सव्वा तास ॲरिस्टॉटल आणि सुख या विषयावर बोललो. शेवटी प्रश्नांची वेळ झाली तेव्हा एक तरुण शिक्षक उभे राहिले आणि म्हणाले, "सर, ते सगळं ठीक आहे. पण वणीत प्लॉट आत्ता घ्यावा की थांबावं?" सगळे हसले, मीही हसलो. घरी गेल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. हे गृहस्थ आपल्याच गावात शिकवतात आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. ते मला नंतर म्हणाले, "दरवर्षी मी एक पाऊल पुढे टाकतो आणि प्लॉट दोन पावलं पुढे जातो." ग्रीक तत्त्वज्ञ झेनोच्या कोड्यात धावपटू अकिलीसला कासव गाठता येत नाही. इथे तर कासवाने अकिलीसला गाठायचंय!

मी अर्थशास्त्राचा माणूस नाही, आणि एजंटही नाही. उद्या भाव काय होईल हे मला सांगता येणार नाही. जो छातीठोक सांगतो त्याच्यापासून जरा लांब बसा. पण भाव म्हणजे काय, तो कुठून येतो आणि वाढला तर ती वाढ नक्की कुणाची, हे प्रश्न तत्त्वज्ञानाच्या अंगणातले आहेत. आज त्यांच्याबद्दल बोलू.

सुरुवात जुन्यापासून करतो, वयाचा दोष आहे. नाशिकच्या पांडवलेण्यात दहा क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. हा उषवदात म्हणजे क्षत्रप नहपानाचा जावई. सुमारे १९०० वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यात तो सांगतो की, वाराहीचा मुलगा अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून त्याच्या वडिलांचं शेत मी ४००० कार्षापणांना विकत घेतलं. शेत कुठे? नगराच्या सीमेवर, वायव्येच्या अंगाला. आज जुन्या नाशिकच्या त्या अंगाला तुम्ही गेलात तर गंगापूर रोड, मखमलाबाद... पुढचं मी बोलत नाही, तिथल्या फ्लॅटचे भाव तुम्हाला ठाऊक आहेत. नेमकं शेत कुठलं ते कुणालाच सांगता येणार नाही, पण दिशा मात्र उषवदाताने बरोबर निवडली होती म्हणायची.

गंमत बाजूला ठेवू. याच लेण्यात त्याने आणखी एक हिशेब कोरून ठेवलाय. विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले, शेकडा महिना एक या व्याजाने. म्हणजे वर्षाला शेकडा बारा, २४० कार्षापण. लेण्यात वर्षावास करणारे भिक्षू वीस आणि प्रत्येकाला चीवरासाठी बारा. वीस गुणिले बारा, २४०. हिशेब पैशाला पैसा जुळतो. आता शेताकडे बघा. ते शेत त्याने भिक्षूंच्या अन्नासाठी घेतलं. त्याच्या डोळ्यांपुढे प्रश्न एकच असणार: या शेतात वर्षाला किती पिकेल आणि किती पोटं भरतील? तिथे भाव हा उपयोगाला बांधलेला आहे. दावणीला बैल बांधावा तसा.

आता वणीला येऊ. आपलं गाव चौरस्त्यावरचं. नाशिकहून दिंडोरीमार्गे कळवणला जाणारा रस्ता आणि पिंपळगाव बसवंतहून सापुताऱ्याकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. गड आहे कळवण तालुक्यात, पायथ्याची नांदुरीही कळवणातच, पण अख्खा महाराष्ट्र म्हणतो 'वणीची देवी'. नाव आपल्याला फुकट मिळालंय. भोवती द्राक्षबागा, गावात कांदा-टोमॅटोचा उपबाजार, जवळ ओझरखेडचं धरण. २०१८ साली गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. पायऱ्या चढवत नाहीत म्हणून न येणारी म्हातारी माणसंही येऊ लागली. सुरत-चेन्नई महामार्गाच्या आखणीत दिंडोरी तालुक्याचं नाव आलं तेव्हा चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न होता, "मग आपल्याकडे गुंठा कितीला जाईल?" आता नाशिकच्या सिंहस्थाचं नाव घेऊन तोच प्रश्न चाललाय.

या यादीत एक गोष्ट लक्षात घ्या. देवी, चौरस्ता, धरणाचं पाणी, बाजार, ट्रॉली. यातलं काहीही प्लॉटच्या मालकाने केलेलं नाही. दोन प्लॉट घ्या, माती एकच, पाऊस एकच. एक रोडटच, दुसरा आत चारशे फूट. भावात जमीन-अस्मानाचं अंतर, आणि ते अंतर रस्त्याने निर्माण केलं. डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाने १८१७ साली हेच मांडलं. जमिनीचा खंड मालकाच्या कष्टातून येत नाही. ती जमीन दुसऱ्या, कमी प्रतीच्या जमिनीपेक्षा किती सरस आहे, या फरकातून तो येतो. रिकार्डोच्या डोळ्यांपुढे पिकाऊ माती होती. आपल्याकडे मातीच्या जागी एस.टी. स्टँड, हायस्कूल, दवाखाना, नळाचं पाणी आणि हल्ली मोबाईलची रेंज घाला. सिद्धांत तोच.

मग कुणी म्हणेल, मागणी आहे तर पुरवठा वाढू द्या, भाव खाली येईल. टोमॅटोचं तसंच होतं ना? यंदा भाव मिळाला की पुढच्या वर्षी सगळे टोमॅटो लावतात आणि मग रस्त्यावर ओतायची वेळ येते. जागेचं तसं होत नाही, आणि आपल्याकडे तर अजिबात होत नाही. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण घर घेणाऱ्या माणसाचे पैसे नेमके इथेच अडकतात.

आपले शिक्षकमित्र शेतकरी नाहीत. १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे त्यांना उरलं गावठाणातलं घर किंवा बिनशेती झालेला प्लॉट. गावठाण जुनं, भावकीत वाटलेलं, तिथे विकाऊ घर क्वचित. बिनशेती प्लॉट हवा तर कुणीतरी आधी शेत मोडलं पाहिजे. द्राक्षबाग मोडणं सोपं नाही. मांडव, अँगल, तारा, ठिबक यात त्या शेतकऱ्याची वर्षं गेलेली असतात. मग येतो १९४७ चा तुकडेबंदी कायदा. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडून विकायचा नाही. २०२३ मध्ये ही मर्यादा बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे केली. त्यानंतरही या विषयात बदल होत आलेत, तेव्हा व्यवहाराच्या दिवशीचा नियम दुय्यम निबंधकांकडे विचारून घ्या. चहाच्या टपरीवर नको. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. साध्या माणसाला घराला लागतो एक-दीड गुंठा. म्हणून मग चारपाच जण मिळून दहा गुंठे घेतात, सामाईक सातबारा होतो, सगळ्यांची नावं एकाखाली एक. आज गोडी आहे तोवर छान. उद्या एकाला कर्ज काढायचंय, एकाला विकायचंय, एकाचा मुलगा अमेरिकेत. मग मोजणी, मग हद्दीची भांडणं. स्वस्त पडलेला गुंठा असा हळूहळू महाग होत जातो.

आणखी एक मोठी गोष्ट. आपल्या आजूबाजूला कळवण, सुरगाणा, पेठ हे आदिवासी तालुके, दिंडोरीतलीही कितीतरी गावं. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर बिगर-आदिवासी माणसाला ती सरळ घेता येत नाही. जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आहे, जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि विक्रीला त्यावर सरकारची मान्यता. हा कायदा गरज म्हणून आला, कारण एकेकाळी दोन पोती धान्याच्या उसनवारीत जमिनी गेल्यात. तेव्हा "साहेब, निम्म्या भावात देतो, स्टँपपेपरवर लिहून घ्या, नावाचं नंतर बघू" असं कुणी म्हणालं तर ती जागा निम्म्या भावात मिळत नाही. ती मिळतच नाही, आणि पैसे जातात. वर एका गरिबाला आपण फसवणुकीत सामील करून घेतो, ते निराळंच.

तर थोडक्यात, इच्छा पुष्कळांना आणि विकाऊ प्लॉट मोजके. याचा एक परिणाम फार गमतीदार आहे. मोंढ्यात रोज शेकडो गाड्यांचा लिलाव होतो, म्हणून कांद्याचा भाव खरा असतो. कडू असो, पण खरा. वणीत एका गल्लीत वर्षात एखाददुसरा व्यवहार. त्या एकाला कुणी हौसेने, शेजारची जागा म्हणून, दीडपट पैसे मोजले, की गल्लीतल्या चाळीस घरांचा भाव एका रात्रीत दीडपट! पैसे एकाचे हलले, आणि श्रीमंत झाल्यासारखे वाटले चाळीस जण. आणि उलटं कधी होत नाही. मंदी आली तर कुणी म्हणत नाही, माझा प्लॉट आता स्वस्त झाला. तो म्हणतो, "सध्या विकायचा नाही." कांद्याचा बाजार पडतो तेव्हा भाव पडतो. जागेचा बाजार पडतो तेव्हा गिऱ्हाईक येईनासं होतं, भाव तोंडात तसाच राहतो. म्हणून "जागेचा भाव कधी खाली येत नाही" या वाक्याला फार भुलू नका. तुमची गरज त्याच महिन्याची असेल तेव्हा समजेल तो आला होता की नाही.

आता फळ्यावर एक हिशेब मांडतो. आकडे माझे, हिशेबाच्या सोयीचे आहेत. वणीचा दर म्हणून घरी जाऊन सांगू नका. समजा एक घर २५ लाखांना मिळतंय. तेच घर भाड्याने घेतलं तर महिना ५ हजार. वर्षाला ६० हजार. म्हणजे २५ लाखांवर शेकडा २ रुपये ४० पैसे. उषवदाताच्या विणकरांनी ऐकलं तर ते हसतील. आपण बारा टक्के नको धरू, आठच धरू. वर्षाला ६० हजार देणाऱ्या वस्तूची किंमत आठ टक्क्यांनी होते साडेसात लाख. याला मी 'राहता भाव' म्हणतो. मग उरलेले साडेसतरा लाख कशाचे? भाडंही दरवर्षी वाढतं, ते धरलं तर राहता भाव काही वर जाईल. "पुढच्या महिन्यात खाली करा" हे वाक्य आयुष्यात ऐकावं लागणार नाही, या निश्चिंतीलाही मोल आहे. ज्याने ते ऐकलंय त्याला ते विचारा. पण एवढं सगळं धरूनही एक मोठा हिस्सा उरतो. तो आहे 'आशेचा भाव'. उद्या माझ्याकडून कुणीतरी याहून जास्त देऊन घेईल, ही आशा. केन्सने १९३६ साली शेअरबाजाराबद्दल लिहिलं होतं की, लोक सर्वांत सुंदर चेहरा निवडत नाहीत, इतर लोक कुणाला सुंदर म्हणतील ते ओळखायला बघतात. आपल्याकडे "ही साईड चालणार" असं म्हणतात, तेच ते.

मराठीत 'भाव' हा शब्द मोठा लबाड आहे. भाव तसा देव म्हणतो तेव्हा तो मनातला, आणि कांद्याला भाव नाही म्हणतो तेव्हा बाजारातला. जागेच्या भावात दोन्ही भाव मिसळलेले असतात, आणि विकणारा आपल्याला मनातल्या भावाचेच पैसे लावत असतो.

मग वाढ कुणाची? कौटिल्याकडे जाऊ. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घर-जमीन विकण्याची रीत सांगितली आहे. आधी भाऊबंदांनी घ्यावं, मग सामंतांनी, मग धनकोंनी. इथे सामंत म्हणजे सरदार नव्हे, शेजारी. घरासमोर, शेजारच्या चाळीस कुळांच्या लोकांपुढे जाहीर करायचं: या किमतीला कोण घेतो? चढाओढ लागून बोली वर गेली, तर वरची वाढ आणि शुल्क राजाच्या खजिन्यात जमा! मालकाला मिळायचा तो त्याने सांगितलेला भाव. हे वाचून मी पहिल्यांदा चमकलो होतो. कौटिल्य काही साधुपुरुष नव्हता, त्याला खजिना भरायचा होता. पण त्याने एक गोष्ट ओळखली: चढाओढीतून येणारा पैसा मालकाच्या घामाचा नाही. पुढे १८७९ मध्ये अमेरिकेत हेन्री जॉर्ज यांनी 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' लिहिलं आणि तेच आधुनिक भाषेत मांडलं. घर बांधलंस, ते तुझं, त्यावर कर नको. पण नुसत्या जागेची किंमत समाजाने निर्माण केली, ती करातून समाजाकडे परत आली पाहिजे.

मला यातलं सगळं पटतं का? नाही. खजिन्यात गेलेला पैसा रस्त्यावर परत दिसतोच असं नाही, हे आपण कर भरणारी माणसं जाणतो. आणि द्राक्षात चार वर्षं गारपिटीचा मार खाल्लेल्या शेतकऱ्याला रोडटच दहा गुंठ्यांचे बरे पैसे मिळाले, तर ते त्याच्या कष्टाचे नाहीत असं त्याच्या तोंडावर म्हणायची माझी हिंमत नाही. पण तो नाशिकला बसून इथे पाच प्लॉट कुलूपबंद ठेवणारा गुंतवणूकदार? कंपाउंड घातलंय, आत बाभळी वाढल्यात, गेटवर 'खाजगी मालमत्ता' अशी पाटी. शेजारच्याने घर बांधलं, ग्रामपंचायतीने गटार केली, त्याच्या प्लॉटचा भाव वाढला. त्याने काय केलं? तो थांबला. थांबण्याचे एवढे पैसे दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळत नाहीत.

आता जरा घरचं सांगतो. इथे सांगावं की नाही, दोन दिवस विचार केला.

आमचं घर जुन्या वणीत आहे. वडिलांनी ते बांधलं तेव्हा चार घरं सोडली की पुढे शेतंच होती. आम्ही तिघं भाऊ आणि थोरली बहीण. आक्का तीस वर्षांपासून त्या घरात एकटी राहते. यजमान गेले, ती माहेरी आली, आईवडिलांचं शेवटचं सगळं तिने केलं. आम्ही भाऊ नाशिक-पुण्याकडे नोकऱ्या करत होतो; दिवाळीला यायचो, चकल्या खायचो आणि जायचो. इतकी वर्षं त्या घराचा भाव कुणी काढला नाही. मग समोरच्या अंगाला गाळे झाले आणि एका एजंटने आमच्या पुतण्याला पुण्यात फोन करून आकडा सांगितला. आकडा ऐकून आम्ही सगळेच गप्प झालो. मीसुद्धा. रात्री मनात चार भाग पाडून पाहिले, खोटं कशाला बोलू?

आक्काला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "घर तर तेच आहे रे. पोपडे तेच, गळती तीच. मग माझं इथलं राहणं कालपासून महाग कसं झालं?"

मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. अर्थशास्त्रात याला संधिव्यय म्हणतात. एखादी गोष्ट करताना दुसरी जी सोडावी लागते, तिची किंमत. आक्का काही खर्च करत नव्हती. पण भाव वाढल्यामुळे तिचं तिथे नुसतं बसणंसुद्धा आम्हा बाकीच्यांच्या खिशातून होतंय असं आम्हाला वाटायला लागलं. भिंत हलली नाही, आमची नजर हलली. चांगल्या जागेच्या भाववाढीची ही बाजू कुठल्या जाहिरातीत येत नाही: ती वारस निर्माण करते. काल जे भाऊ होते ते आज हिस्सेदार होतात.

आणि पुतण्याला मी लोभी म्हणणार नाही. पुण्यात त्याचा फ्लॅट आहे आणि मोठं कर्ज आहे. त्याला तिथे जो आशेचा भाव मोजावा लागला, तो इथल्या आशेच्या भावातून फेडायचा त्याचा विचार. एका गावची महागाई दुसऱ्या गावची म्हातारी माणसं घरातून उठवते, ती अशी.

कायद्यात सोय आहे, पण ती आपण होऊन चालत येत नाही. हिंदू वारसा कायदा १९५६, कलम २२: सहवारसाला स्वतःचा हिस्सा विकायचा असेल तर दुसऱ्या वारसाला तो घेण्याचा अग्रहक्क. १८९३ चा वाटप कायदा, कलम ४: राहत्या अविभक्त घराचा हिस्सा बाहेरच्याने घेऊन वाटणीचा दावा लावला, तर घरच्या हिस्सेदाराला तो हिस्सा न्यायालय ठरवील त्या किमतीला विकत घेता येतो. कौटिल्याचे भाऊबंद आधी, शेजारी नंतर, आठवतंय ना? पण विकत घ्यायला आक्काकडे पैसे कुठून येणार? शेवटी मी आणि मधल्याने आक्काच्या नावे हक्कसोडपत्र केलं, नोंदणीकृत. तोंडी हक्क सोडण्याला काही अर्थ नाही, हेही ध्यानात ठेवा. पुतण्याने सोडलं नाही. त्याचा भाग त्याचाच आहे. पुढची खोली गाळा म्हणून भाड्याने दिली, ते भाडं त्याला जातं. तो पूर्ण समाधानी नाही. आक्कालाही समोरून सतत माणसं जातात-येतात याचा त्रास होतो. चाललंय.

आता प्रश्न घेऊ. हां, शिक्षकमहोदय, तुमचा पहिला, तुमचं देणं आहेच.

तुम्ही विचारलंत घ्यावा की थांबावं. तुम्हाला राहायचंय की विकायचंय? राहायचंय ना? मग पुढे भाव काय होईल हे डोक्यातून काढून टाका. हप्ता आणि आजचं भाडं शेजारी शेजारी मांडा. हप्ता भाड्याच्या दीडपट असेल तर निश्चिंतीची किंमत म्हणून सोसा. चौपट असेल तर तुम्ही घर घेत नाही, सट्टा खेळताय, आणि तोही पगारावर. प्लॉटच्या बाबतीत बिनशेतीचा आदेश स्वतः वाचा, मंजूर लेआऊट बघा, सातबाऱ्यावरचे फेरफार मागचे तीस वर्षांचे काढा, आणि त्या जागेत रस्ता कागदावर आहे की नुसता पायवाटेचा आहे ते पावसाळ्यात जाऊन बघा. उन्हाळ्यात सगळ्या प्लॉटला रस्ता असतो. (हशा)

मागे पागोट्यातले आजोबा, बोला. ... बरं. यांचं म्हणणं, रोडटच बारा गुंठे आहेत, मुलाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज, पिंपळगावची पार्टी इसार घेऊन दारात उभी आहे, विकू का?

आजोबा, कर्ज खरं आहे तर विका, त्यात लाज नाही. पण तीन गोष्टी बघा. मागच्या शेताची वाट त्या बारा गुंठ्यांतून जाते का? जात असेल तर खरेदीखतात वाट लिहून घ्या, रुंदी फुटांत टाकून. विहिरीचा, पाईपलाईनचा हक्क लिहून घ्या. आणि इसाराची पावती कोऱ्या सहीवर नको; रक्कम, मुदत आणि मुदत टळली तर काय, एवढं त्यात पाहिजेच. परवा येताना कागद घेऊन या, मी दहा वाजेपर्यंत आक्काकडे असतो.